दाजींचं इंग्रजी ऐकणं

माझ्या ताईच्या नवऱ्याइतकं मन लावून ऐकणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. आपण बोलायला लागलो की हातातला चहाचा कप तसाच धरून दाजी आपल्या तोंडाकडे बघत राहायचे. चहावर साय धरायची, पण त्यांची नजर हलायची नाही. दारावर आलेली बोहारीण असो की मतं मागायला आलेला उमेदवार, दाजींशी बोलून गेलेला प्रत्येक जण आपण आज काहीतरी फार मोलाचं बोललो अशा समजुतीत घरी जायचा. कीर्तनाला ते पहिल्या रांगेत, सत्यनारायणाला गुरुजींच्या अगदी समोर, आणि रिक्षात बसले तर ड्रायव्हरच्या शेजारी अंग पिळून, त्याच्याकडे तोंड करून. असा हा माणूस इंग्रजी ऐकण्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाला. पहिल्यांदा चाळीसपैकी तीन, दुसऱ्यांदा चार. 'चला, प्रगती आहे,' असं मी तेव्हा म्हणाले होते. मी वीस वर्षांची होते, इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते आणि माझी जीभ जरा सैलच होती.

दाजी मूळचे मालेगावचे. चौदाव्या वर्षी शाळा सोडून यंत्रमागावर गेले आणि पुढे जॉबर झाले, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे मिस्त्री. ताई पदवीधर. हे लग्न आमच्या वडिलांनी, आप्पांनी, मान्य केलं, पण गिळलं नाही. लग्नाच्या मांडवात त्यांनी एका पाहुण्याच्या कानाशी लागून 'जावई कारखान्यात आहेत, शिक्षणाचं विचारू नका,' असं सांगितलं. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, बँडच्या शेजारी उभ्या असलेल्या दाजींना ते कसं कळलं, हे कोडं आम्हाला पुष्कळ वर्षं सुटलं नाही. पण कळलं खरं. लग्नानंतर वर्षभरात त्यांनी माग सोडला, पंचवटीत दोन खोल्या घेतल्या, एका शाळेत शिपाई म्हणून लागले आणि बाहेरून परीक्षा द्यायला सुरुवात केली. दहावी, बारावी, मग बी.ए. एकेक पायरी चढत चढत एकच पेपर उरला, इंग्रजी श्रवण आणि भाषांतर. त्यात आधी कॅसेट लावून एक उतारा ऐकवत आणि त्यावर प्रश्न विचारत, मग एक उतारा मराठीत करायला देत. दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागायचं. तो अभ्यासक्रम बंद होणार होता. येत्या मार्चमध्ये शेवटची संधी, नाहीतर पुन्हा पहिल्या वर्षापासून. त्यात शाळेत लिपिकाची जागा रिकामी होत होती आणि मुख्याध्यापिकाबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, 'पदवी आणा, जागा तुमची.'

भाषांतराची काळजीच नव्हती. दाजी भाषांतर करत नव्हते असा दिवसातला तास सापडणं कठीण. घरमालकांनी नळावर 'येथे भांडी घासू नयेत' अशी पाटी लावली, तर दाजींनी दुसऱ्या दिवशी तिच्याखाली सुबक अक्षरात इंग्रजी पाटी लावली. इंग्रज कोण येणार आहे इथे भांडी घासायला, असं मी विचारलं तर म्हणाले, 'पाहुणे कुठून येतील सांगता येतं का मॅडम?' मला ते मॅडमच म्हणायचे, मेव्हणीची थट्टा म्हणून. ताई आईला पत्र लिहायची, त्याचंही इंग्रजी भाषांतर करून ते त्याच पाकिटात घालायचे. चौथीपर्यंत शिकलेली आमची आई मराठी पत्र वाचून पेटीत ठेवायची आणि इंग्रजी पत्र देव्हाऱ्यात.

ऐकण्याचा सराव मात्र त्यांनी स्वतःच्या डोक्यानं चालवला होता. केबलवर इंग्रजी बातम्या लागल्या की ते टीव्हीपुढे हातभर अंतरावर मांडी घालून बसायचे आणि आवाज पूर्ण बंद करायचे. वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई दुपारी पोथी वाचतात, त्यांना त्रास नको म्हणून असेल, असं ताई म्हणायची. मी हसून विचारलं, 'दाजी, आवाज नको?' तर ते निरागसपणे म्हणाले, 'आवाजाचं काय काम? दिसतंय की.' रेडिओ मात्र त्यांना बिलकुल चालायचा नाही. 'त्यात माणूसच नाय,' म्हणायचे. गोदाघाटावर परदेशी पाहुणे आले की बाकीचे लोक त्यांच्या मागे मागे जात, दाजी मात्र त्यांच्या पुढे, आणि तेही उलटे चालत, त्यांच्या तोंडाकडे बघत. एकदा असेच उलटे चालताना ते पायऱ्या चुकून विजारीसकट गुडघाभर पाण्यात गेले. त्या गोऱ्या बाईंनी हात देऊन त्यांना वर काढलं, वर एक केळं दिलं. दाजी घरी आले ते तिचं प्रत्येक वाक्य पाठ करून, भाषांतरासह.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर त्यांची शिकवणी माझ्याकडे आली. आठवड्यातून तीनदा मी समोर बसून उतारा वाचायची आणि ते पटापट उत्तरं लिहायचे. दहापैकी नऊ, दहापैकी दहा. मग मी कॅसेट लावायची आणि सगळं मुसळ केरात. ते टेपरेकॉर्डर मांडीजवळ ओढून त्याच्या फिरणाऱ्या दोन चाकांकडे डोळे फाडून बघत बसायचे आणि कागद कोरा. 'कॅसेटमधल्या बाई पुटपुटतात,' ही त्यांची तक्रार. 'बाई विलायतेच्या आहेत, त्या तशाच बोलणार,' हे माझं उत्तर. मी त्यांच्यावर चिडायची. मन नाही, धीर नाही, परीक्षेची भीती घेतली आहे, असं काय काय बोलायची. ते माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घ्यायचे. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

फेब्रुवारीतली दुपार होती. मी कॉलेजातून स्कूटीवर आले. उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, नाशिकच्या मुली गुंडाळतात तसा, नुसते डोळे उघडे. घाई होती, म्हणून स्कार्फ न सोडताच समोर बसले, वही उघडली आणि मधमाश्या पाळणाऱ्या एका म्हाताऱ्याचा उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मान वर करून बघते तर दाजी पेन्सिल धरून शांत बसलेले.

'लिहा ना,' मी म्हटलं.

ते हसले. 'मनातल्या मनात वाचून झालं का मॅडम? मग करा सुरू.'

मी रागानं स्कार्फ ओढून काढला. 'सुरू काय करा? पूर्ण वाचला मी!'

'कधी?' दाजींनी विचारलं. त्या प्रश्नात थट्टा नव्हती.

मी तोच उतारा पुन्हा वाचला, उघड्या तोंडानं. दहापैकी दहा. मी उठून त्यांच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, 'दाजी, घराला आग लागली.' दाजींनी पेन्सिल उचलली, टोक बघितलं आणि शांतपणे पेन्सिल तासायला घेतली.

स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती, हात पिठाचे. ती तिथेच उंबऱ्यावर बसली. हाताचं पीठ झाडत म्हणाली, 'बारा वर्षं मला वाटत होतं, यांना माझ्याकडे बघत बसायला आवडतं.'

आम्ही समोर बसून त्यांना सगळं सांगितलं. दाजींना वाईट वाटेल, असं आम्हाला वाटलं होतं. त्यांना वाटलं ते नवल. 'म्हंजे मागून बोललं तरी तुम्हाला समजतं?' त्यांनी विचारलं. समजतं, मी म्हटलं. 'अंधारात?' हो. 'भिंतीपल्याडचं?' कधी कधी. 'आणि तोंड न बघता?' ते आळीपाळीनं आमच्याकडे बघत राहिले आणि मग पहिल्यांदाच आम्हाला मागाच्या शेडबद्दल नीट सांगितलं. चाळीस माग एकदम चालू असतात, कानाशी ओरडलं तरी कळत नाही. तार तुटली, पाणी आण, मुकादम आला, सगळं बोलणं ओठांवरून, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांचे वडील, दोन्ही काका, थोरला भाऊ, सगळे मागावर. घरीही सगळे एकमेकांच्या समोर येऊनच बोलायचे. 'ल्हानपणी मागून हाक मारली की कळायचं मला,' दाजी म्हणाले. 'मग कमी झालं. मला वाटलं, मोठं झालं की होतच असेल तसं. दाढी येते तसं. आमच्या घरात तर सगळ्याच मोठ्यांचं तसं.' मांडवातलं कोडं मला त्या क्षणी सुटलं. वडिलांचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता, त्यांचे ओठ वाचले होते.

डॉक्टर झाले, तपासणी झाली, कानाला मशीन आलं. पण परीक्षेला ते काही कामाचं नव्हतं. मशीन लावल्यावर दाजींना पंखा ऐकू यायला लागला, ताईच्या बांगड्या ऐकू यायला लागल्या, वरची पोथी ऐकू यायला लागली. कॅसेटमधल्या बाईही ऐकू यायला लागल्या, पण त्यांचं अक्षरही कळेना. त्यांचं सगळं इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलं होतं. महिनाभरात ते कानात कुठून शिरणार? शेवटी दाजींनी विद्यापीठाला अर्ज लिहिला की कॅसेटऐवजी आपल्या समोर बसून कुणी माणसानं उतारा वाचावा. अर्ज मराठीत आणि खाली भाषांतर. आम्ही डॉक्टरांचा कागद जोडला आणि रोज पोस्टमनची वाट बघत बसलो. परीक्षेच्या आठ दिवस आधी उत्तर आलं. परवानगी होती.

परीक्षेच्या दिवशी मी सोबत गेले. त्यांना वेगळी खोली दिली होती. मी व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिले. उतारा वाचायला प्राध्यापक आत आले आणि मी कपाळावर हात मारला. सरांना मिशी होती. साधीसुधी नाही, वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्या ओठावर उतरलेली. सरांनी घसा साफ करून पहिलं वाक्य वाचलं. दाजी पुढे झुकले, खाली वाकले, मान वाकडी करून बघितलं. दुसरं वाक्य. दाजी अर्धवट उठले. घाबरले की त्यांच्या तोंडून शहरातली भाषा पळून जायची.

'सर, माफ करा. तोंडच दिखत नही शे.'

सर गोंधळले. 'काय झालं?'

'तुमची मिशी, सर,' दाजी अगदी हळू म्हणाले. 'तिच्याआड इंग्रजी ऐकू येत नाय.'

मी खिडकीचे गज घट्ट धरले. वाटलं, आता हे सर उठणार, दार आपटणार आणि संपलं सगळं. सरांनी परवानगीचा कागद पुन्हा वाचला. दाजींकडे बघितलं. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी आपली मिशी वर उचलली, नाकाशी दाबून धरली, आणि उतारा पहिल्या वाक्यापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली. पूर्ण दोन पानं. नियमाप्रमाणे दोनदा. मधे एकदा हात दुखला म्हणून त्यांनी हात बदलला, तेवढंच. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. आत मात्र दोघंही गंभीर होते आणि दाजींची पेन्सिल चालली होती.

चाळीसपैकी एकतीस. भाषांतरात तर विचारूच नका. जूनमध्ये दाजी लिपिक झाले. त्यांनी घरी सत्यनारायण घातला तेव्हा वडील आले होते. प्रसाद वाटताना मी बघितलं, वडील कोपऱ्यात शेजारच्या माणसाकडे वाकून काहीतरी हळूच बोलले. मला काही ऐकू आलं नाही. दाजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांच्या हातातला द्रोण तसाच राहिला आणि डोळे भरून आले. काय बोलले आप्पा, असं मी त्यांना मागाहून दोनदा विचारलं. 'तुम्हाला तर सगळं मागूनबी ऐकू येतं ना मॅडम?' एवढंच म्हणाले. ते वाक्य त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, भाषांतर करूनही नाही.

आता मी पुण्याला असते, कॉलेजात इंग्रजी शिकवते. फळ्याकडे तोंड करून मी एक शब्द बोलत नाही, आणि मुलांना त्याचं कारण माहीत नाही. रविवारी ताईला फोन करते. आधी दाजी घेतात, 'मॅडम, कधी येताय?' असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता फोन ताईकडे देतात. मशीन शाळेत लावतात, घरी आले की काढून ठेवतात. ताई कुरकुरते, 'मशीन लावा हो, ओरडावं लागतं.' त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, 'ओरडू नको. इकडं बघ.' ताईनं बारा वर्षं काय समजून काढली होती ते चुकीचं होतं की बरोबर, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

त्यामुळे दाजींना काही सांगायचं तर मला नाशिक गाठावं लागतं, आणि माझ्याकडून ते वर्षवर्ष होत नाही. परवा गेले. दाजींनी टीव्ही बंद केला, खुर्ची ओढून माझ्या समोर आणली, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, 'हां, सांगा आता.' इतक्या दिवसांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं. मी बोलत राहिले, आणि त्यांच्या चहावर साय धरली.