मांडवात मेलेली गोजरा

गोजरा मेली ती सिनेमात, पण तळवलीच्या लोकांनी ते असं काही मनावर घेतलं की जिवंत गोजराला तोंड दाखवायची चोरी झाली. जी बाई सकाळी उठून भाडेकरूंच्या नावाने ओरडते, सुनेच्या चहाला नावं ठेवते आणि मासळीवालीशी दारात उभं राहून भांडते, ती मेलेली कशी असेल? पण हे सांगायचं कोणाला!

गोजरा धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मागाहून. त्याआधी धवलारीण मांडवात बसते आणि धवले गाते. एकेका देवाचं नाव घेऊन त्याला लग्नाला बोलवायचं, असं ते गाणं. गोजराला ते तिच्या सासूने, पुतळाबाईने शिकवलं, मिठागराच्या बांधावरून येता-जाता. पुतळाबाई डोळे मिटून म्हणायला सांगायची. आणि एकदा सुरू केलेला धवला काही झालं तरी मध्ये सोडायचा नाही, नाहीतर बोलावलेले देव दारातच ताटकळत राहतात, असं बजावायची. गोजराने हे इतकं पाळलं की एकदा ऐन धवल्यात मांडवातल्या वायरीने पेट घेतला, वऱ्हाडी वाट फुटेल तिकडे पळाले, आणि ही बया शेवटच्या देवाला आत घेऊनच पाटावरून उठली. पुढे मिठागरं गेली, शेतं गेली, शेतांवर टॉवर उभे राहिले. मुलगा सुभाष भाड्याच्या खोल्या बांधून मोकळा झाला. तिचा धवला तेवढा होता तसाच राहिला.

अशा घरात प्रितम आला. वाशीला त्याचं ऑफिस होतं आणि डोक्यात सिनेमा होता. त्याला खरंखुरं अंगण हवं होतं आणि खरीखुरी धवलारीण हवी होती. "आजी, लग्नाचा सिनेमा आहे," एवढंच त्याने सांगितलं. खोटं काही सांगितलं नाही म्हणा. लग्न होतंच त्यात. फक्त बाशिंगाच्या झालरीआड तोंड लपवलेला नवरदेव कोयता घेऊन वऱ्हाड कापत सुटतो, हे सांगायचं राहिलं.

शूटिंगच्या दिवशी गोजरा धवला म्हणायला बसली. प्रितम "कट, कट" करून थकला, पण ती काही थांबेना. जेवणाची वेळ झाली, लाइटवाले जांभया देऊ लागले. शेवटी प्रितमने एक युक्ती काढली: धवला अर्ध्यावर आला की बाशिंगवाल्याने मागून यायचं आणि कोयता चालवायचा. गोजराला सांगितलं, "आजी, इथे चक्कर येऊन पडायचं." ती पडली. अंगावर लाल पाक ओतला तेव्हा खुदखुदून हसलीसुद्धा. नाटकात माणसं मरतात, त्यात काय! मात्र सगळं आवरल्यावर ती व्हॅनच्या मागे गेली आणि राहिलेला धवला हळू आवाजात पुरा करून आली. ते कोणी पाहिलं नाही आणि सिनेमात तर ते नव्हतंच.

'रक्ताची हळद' आला. थिएटरात तो पडला, पण गोजराच्या मरणाचा तुकडा मोबाइलवरून घरोघरी पोचला. तिथून तिचे दिवस फिरले. ज्यांची लग्नं तिच्याशिवाय अडायची ते आता रस्ता ओलांडून जाऊ लागले. कोणी म्हणे डीजे ठरवलाय, कोणी म्हणे हॉलवाला वेळ देत नाही. सगळ्या थापा. खरं बोलली ती एकटी बाळाबाई.

बाळाबाई दिघ्याची. गोजराच्या नातीचं, योगिनीचं, बाळाबाईच्या नातवाशी, दिपेशशी जमलं होतं. बोलणी पुरी झाली, चहा आला, आणि बाळाबाई बशी खाली ठेवून म्हणाली, "सगला मान्य हाय. पन धवलारीन दुसरी आना. जी बाय मांडवान मेली, तीबी धवला अर्धा टाकून, ती माज्या नातवाच्या लग्नान नको."

"अगो, मी जित्ती हाय! तुज्यासमोर बसून चाय पितंय!"

"ता दिसताय मला," बाळाबाई म्हणाली. "पन तू मेलेलीबी मी बघितलीय."

गोजराने सुभाषकडे पाहिलं, तर तो पंख्याकडे बघत होता. सून नमिता बिस्किटांची बशी पुढे करू लागली. गोजराचा असा जळफळाट झाला की तो चहा तिने तसाच मोरीत ओतला. आयुष्यभर लोकांच्या पोरींसाठी देव बोलावले, आणि स्वतःच्या नातीच्या मांडवात तिने मागच्या खुर्चीवर बसायचं! योगिनी जन्मली तेव्हापासून तिच्या लग्नातला धवला गोजराने मनात किती वेळा म्हटला असेल. तो म्हणायला मिळावा, बाकी तिला काही नको होतं.

म्हणून प्रितम जेव्हा दुसऱ्या भागाची बातमी घेऊन आला, तेव्हा गोजराने त्याला उंबऱ्यावरच धरला. आधी पोटभर शिव्या दिल्या. त्याने त्या खाली मान घालून ऐकल्या आणि मग म्हणाला, "आजी, लोक पहिल्या भागात घाबरले नाहीत, हसले. मग म्हटलं, या वेळी हसवूच. खून पण होणार आणि हसू पण येणार. तुम्ही पाहिजेच."

"मी येन. पन मी मरनार नाय."

"नाही मरणार."

"पयल्या भागानबी मेली नव्हती, आसा दाखवाचा."

प्रितमने डोकं खाजवलं. कोयत्याचे एवढे घाव बसलेली बाई जिवंत कशी दाखवायची? मग त्याचा चेहरा उजळला. "लुगडं! नऊवारीच्या घोळात कोयता अडकला. घाव लागलाच नाही. एक नंबर!"

"आनि धवला पुरा झाला पायजे. पयल्यापासून शेवटपर्यंत. मधी कट नाय."

"पूर्ण धवला?" प्रितमने चक्क तिचे पाय धरले. एवढा आनंद कशाचा, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण गोजराला वाटलं, पोराला केलेल्या चुकीचं वाईट वाटलंय.

घणसोलीच्या एका लॉनवर मांडव घातला होता. प्रितमने तिला पुढ्यात पाटावर बसवलं, मागे वऱ्हाडी मंडळी उभी केली. "आजी, तुम्ही नेहमीसारखे डोळे मिटा. मागे काही आवाज झाला तरी थांबायचं नाही." हे सांगायला नको होतं, गोजरा थांबणारी नव्हतीच. तिने डोळे मिटले आणि सुरू केलं. मागे काहीतरी धपकन पडल्याचं तिला ऐकू आलं. पुन्हा पडलं. लाइटचे खांब पाडत असतील मेले, असं मनात म्हणून ती पुढच्या देवाकडे गेली. या वेळी कोणी अडवलं नाही, कोणी घाई केली नाही. शेवटचा देव आत आला आणि तिने डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. मागे वळूनही न बघता तिने प्रितमच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. किती दिवसांनी कोणीतरी तिचा धवला पुरा ऐकला होता!

सिनेमा लागला तेव्हा गोजराने बाळाबाईला मुद्दाम वाशीच्या मॉलमध्ये नेलं. सोबत नमिता होती, योगिनी होती. पडद्यावर लुगड्याच्या घोळातून कोयता निघाला आणि गोजरा जिवंत झाली, तसं तिने बाळाबाईच्या दंडाला ढोसून म्हटलं, "बघ! हाय का नाय जित्ती?"

मग मांडव आला. पडद्यावरच्या गोजराने डोळे मिटले, धवला सुरू केला, आणि तिच्या मागे बाशिंगवाला उभा राहिला. तिने एका देवाचं नाव घेतलं की एक वऱ्हाडी आडवा. दुसऱ्याचं घेतलं की दुसरा. नवरीचा मामा वड्याच्या पातेल्यात पडला. फोटोग्राफरने पडता पडता फोटो काढला. आणि ही पुढ्यात बसून डोळे मिटून गातेच आहे, गातेच आहे! थिएटर लोटपोट हसत होतं. धवला संपला, गोजराने डोळे उघडले आणि मागे प्रेतांचा ढीग पडलेला असताना पदराने डोळे पुसले. ते तिचे खरे अश्रू होते. त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला.

गोजरा खुर्चीत थिजून बसली होती. शेजारी बाळाबाई हसून हसून खोकत होती. बाहेर आल्यावर तिने गोजराचा हात घट्ट धरला. "दिपेसच्या लग्नान तूच पायजेस गो! दुसरी कोनी नको."

गोजराला हवं होतं ते मिळालं होतं. मग एवढा संताप का येत होता? ती तशीच तरातरा प्रितमच्या ऑफिसात गेली. तो पेढे घेऊनच बसला होता.

"काय केलास रं ह्या?"

"काय केलं? आजी, तुम्ही म्हणालात मरायचं नाही, नाही मेलात. धवला पूर्ण पाहिजे म्हणालात, एक ओळ कापली नाही. विचारा कोणालाही."

बोट ठेवून दाखवावी अशी एकही चूक गोजराला सापडत नव्हती, आणि चूक तर डोंगराएवढी होती. पेढा तिने घेतला नाही, तेवढंच काय ते तिच्या हातात होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तळवलीत अंगणात मांडव सजला. योगिनी हळदीच्या साडीत पाटावर बसली. दिघ्याहून दिपेशच्या मित्रांची गाडी भरून आली होती. एरवी ही पोरं जेवणाच्या वेळेला उगवतात; आज सगळ्यांच्या आधी हजर. गोजराने हातपाय धुतले, पुतळाबाईचं नाव घेतलं, समोर बसली. चिडचिड, मॉल, प्रितम, सगळं तिने बाजूला सारलं. आज योगिनीचा धवला होता. तिने डोळे मिटले आणि गावदेवीला हाक घातली.

मागे धपकन काहीतरी पडलं.

या खेपेला तिला लाइटचे खांब वाटले नाहीत. तिने डोळे उघडून मान वळवली. मागे पोरं एकेक करून गाद्यांवर कोसळत होती, जीभ बाहेर काढून. एकजण बाशिंग बांधून पुठ्ठ्याचा कोयता फिरवत होता. समोरच्या बायकांच्या हातात अक्षता नव्हत्या, मोबाइल होते. बाळाबाई खुर्चीवर टाळ्या पिटत होती. आणि योगिनी आजीकडे बघतच नव्हती. ती आजीच्या मागच्या पोरांकडे बघून हसत होती.

पण गोजरा थांबली नाही. देव निघाले होते, त्यांना वाटेत कसं सोडायचं? पोरांच्या आरडाओरड्यावर आवाज चढवून, उघड्या डोळ्यांनी, एकेकाचं नाव घेत तिने सगळ्यांना आत आणलं. नात हसत का असेना, तिच्या मांडवात देव आले पाहिजेत.

धवला संपला तेव्हा कुठे योगिनीने आजीकडे पाहिलं. "काय गं आजी! डोळे का उघडलेस? रील वाया गेली ना. परत एकदा म्हण, पहिल्यापासून."

"आगो, देव आलं आत. आता परत कोनाला बोलवू?"

"आजी, प्लीज. एकदाच. माझ्यासाठी."

मागे मेलेली पोरं कपडे झटकत उठली आणि आपापल्या जागी जाऊन उभी राहिली. सगळे गोजराची वाट बघू लागले. तिने नातीच्या हळद लागलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि डोळे मिटले.

तिने नुसती चाल धरली. तोंडाला येतील ते शब्द घातले: भाडेकरूंची नावं, बोंबील, मांदेली, वड्याचं पातेलं. देवाचं एकही नाव घेतलं नाही. मागे माणसं पडत राहिली. मग जन्मात पहिल्यांदा ती आपणहून अर्ध्यावरच थांबली आणि डोळे मिटूनच वाट पाहिली, कोणीतरी म्हणेल, गोजरे, हे काय म्हणतेस, पुढचं का सोडलंस?

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघ," योगिनी म्हणाली, "हा धवला कसा बरोबर आला!"