काशिनाथ मास्तर आणि चार गावांचं स्टेज

काशिनाथ मास्तरांचा डावा पाय चपलेतून बाहेर आला, की कुणाचं तरी चुकलंय हे आम्हाला कळायचं. तालमीत ते उभ्याने पेटी वाजवायचे. पेटी उंच टेबलावर, मान खाली, डोळे मिटलेले. कुणाची मात्रा हलली की पाय हळूच बाहेर यायचा आणि फरशीवर टेकायचा. पुढच्या दोन ओळी ते तशाच चालू द्यायचे, चुकणारा स्वतः सावरतो का ते बघायला. नाही सावरला की पेटी बंद आणि तोंडातून नाव. ते नाव बहुतेक वेळा माझं असायचं.

"नाम्या, कसली घाई हे? गाडी सुटती का तुझी?"

आमची पहिली भेटही चुकीवरूनच झाली. नव्वद सालानंतरची गोष्ट. मखमलाबादच्या मळ्यातली शेवंती आणि झेंडू घेऊन मी नाशिकच्या फुलबाजारात बसायचो. दुकान नव्हतं. खाली एक पोतं आणि शेजारी एक उलटी बादली. गिऱ्हाईक नसलं की बादलीवर ठेका धरायचा. एका सकाळी एक उंच, सावळा माणूस शाळेच्या कार्यक्रमासाठी हार घ्यायला आला, आणि हाराकडे न बघताच म्हणाला, "तिसरी मात्रा खातोस तू."

"फुलं घ्यायची तर घ्या, नाहीतर वाट सोडा," मी म्हणालो. माझं तोंड तेव्हापासूनच असं.

"हार घेणारच आहे. पण तिसरी मात्रा खातोस."

"खातो तर खातो. तुमच्या घरची खातो का?"

ते मोठ्याने हसले. "रविवारी ये शाळेच्या मागच्या खोलीत. पोटभर खाऊ घालतो."

मी गेलो. का गेलो ते आजही नीट सांगता येणार नाही. आजवर मला लोकांनी भाव विचारला होता, ठेक्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. खोलीत दोघं आधीच होती. सुरेखा गायची. तिची आई शिवणक्लास चालवायची आणि मुलीला सोडायला, न्यायला स्वतः यायची. अशोक सातपूरच्या एका कारखान्यात कामाला होता आणि बेंजो वाजवायचा. पेटीवर मास्तर, ढोलकीवर मी. असे आम्ही चौघं. सात-आठ वर्षं गणपती, नवरात्र, हळदी, जत्रा, सिन्नरपासून त्र्यंबकेश्वरपर्यंत सगळीकडे वाजवलं. चाली मास्तरांच्या, संयोजकांशी बोलणी माझी.

मी सातवीत शाळा सोडली होती. मास्तरांनी तालमीआधी मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलं. अडखळलो की ते पाय बाहेर काढायचे. आज चार ओळी लिहितोय त्या त्यांच्यामुळे. बदल्यात लग्नसराईत ते मळ्यात येऊन हार गुंफायला बसायचे. पेटीवर पाण्यासारखी फिरणारी ती बोटं दोऱ्यात मात्र सारखी अडकायची. माझी आई म्हणायची, "मास्तर, तुम्ही आपले गाणंच म्हणा, फुलं जगू द्या."

एकदा एका जत्रेत संयोजकाचा मेहुणा खंजिरी घेऊन स्टेजवर चढला. ताल असा, की ऐकणाऱ्याचे दात दुखावेत. मास्तर गाणं संपेपर्यंत हसत राहिले आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "वा, छान!" मी खाली उतरल्यावर पेटलोच. "मला रोज शिव्या, आणि त्या गाढवाला छान?"

मास्तर शांतपणे पेटीला गवसणी घालत म्हणाले, "चूक सांगायची ती वाजवणाऱ्याला. बाकीच्यांना नमस्कार करायचा."

ते वाक्य मी पुढे कितीतरी जणांना मोठ्या फुशारकीने ऐकवलं. मास्तर मला शिव्या देतात म्हणजे मी वाजवणारा.

मग माझ्याच रागाने सगळं मोडलं. एका गावात संयोजकाने आमचं गाणं चालू असताना माईकवरून "आवरा आता, पुढाऱ्यांना बोलायचंय" असं सांगितलं. मी ढोलकी उचलली आणि गाण्याच्या मध्यातच खाली उतरलो. मागे सुरेखाचा आवाज एकदा डगमगला आणि मास्तरांनी नुसत्या पेटीवर गाणं शेवटाला नेलं. त्या दिवशी ते मला काही बोलले नाहीत. त्यानंतर आम्ही चौघं एकत्र वाजवायला बसलोच नाही. सुरेखा लग्न होऊन मस्कतला गेली. अशोकचा कारखाना बंद पडला आणि तो सुरतेला गेला. मास्तरांची बदली हरसूलला झाली. मी दुकान घेतलं, मग दुसरं घेतलं, मग मंडपांच्या सजावटीची कामं. ढोलकी माळ्यावर गेली.

दोन हजार सहा साल असेल. मास्तरांचा फोन आला. हरसूलला तेव्हा मोबाईलला धड रेंज नव्हती. शाळेमागच्या टेकाडावर चढून ते बोलायचे, त्यामुळे पहिली काही वाक्यं नुसती धापच ऐकू यायची.

"नाम्या, आपलं निरोपाचं गाणं करायचं. व्हिडिओ."

कार्यक्रम ज्या गाण्याने संपवायचो ते गाणं. चाल त्यांची, शब्दही त्यांचे.

"मास्तर, सुरेखा मस्कतला, अशोक सुरतेला, तुम्ही डोंगरात. कुठे करणार?"

"आपापल्या घरी. स्टेजवर बसायचो तसंच बसायचं. स्टेज फक्त मोठं झालंय."

मग थांबून म्हणाले, "चौघांचा एकत्र एक फोटो नाही रे आपला. सगळ्या फोटोंत कुणीतरी एक कापलेला हे."

ते काम त्यांनी कसं जमवलं ते आज कुणाला खरं वाटणार नाही. आधी हरसूलला पेटी कॅसेटवर घेतली. ती कॅसेट घेऊन रविवारी एसटीने नाशिकला, माझ्या ओळखीच्या एडिटिंगवाल्याकडे. त्याच्याशी घासाघीस मी करून ठेवली होती. त्याने पेटी कॉम्प्युटरवर चढवली. मस्कतला ईमेलने गेली, सुरतेला बसच्या ड्रायव्हरच्या हाती सीडी. त्या पेटीवर सुरेखाने शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, एसी बंद करून कपाटाच्या दारात तोंड घालून गायलं, कारण मास्तरांनी सांगितलं होतं, "कपड्यांत आवाज घुमत नाय." अशोकने गच्चीवर बेंजो वाजवला. चित्रण ज्याचं त्याने करायचं होतं. त्यासाठी मास्तरांनी प्रत्येकाला पोस्टकार्ड धाडलं. कपडे कोणतेही घाला, पण ओळ संपली की डावीकडे बघा. शेजारचा तिथे बसलाय.

अशोकने उजवीकडे बघितलं. एडिटिंगच्या खोलीत आम्ही ते पाहिलं तेव्हा मी विचारलं, "हा कुणाकडे बघतोय?"

"अरबी समुद्राकडे," मास्तर म्हणाले. "राहू दे. पहिल्यापासून तो बेंजो सोडून पोरींकडेच बघायचा."

मी माझी ढोलकी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात वाजवली. ज्यांना फुलांचा धंदा माहीत आहे त्यांना कळेल, तो आठवडा कसला असतो. माळ्यावरून ढोलकी काढली, वाद्या ओढल्या, एका बैठकीत वाजवून मोकळा झालो. एडिटिंगवाला म्हणाला, "शेठ, अजून एकदा घेऊ का?" मी म्हणालो, वेळ नाही. झेंडूच्या वावरात बसून चित्रणही उरकलं. पुढच्या रविवारी मास्तर ऐकून गेले आणि टेकाडावरून त्यांचा फोन आला.

"ऐकलं रे."

"मग?"

"छान हे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी बायकोला सांगितलं, गल्ल्यावरच्या माणसाला सांगितलं. दिवाळीपर्यंत त्याच तोऱ्यात होतो.

पाडव्याला दुपारी सीडी घरी आली. आई, बायको, मुली, शेजारचे, सगळे टीव्हीसमोर. आधी मास्तर, मागे हरसूलचा डोंगर. मग सुरेखा, थोडी जाड झालेली, ओळ संपवून डावीकडे वळून अशी हसली की माझ्या आईने पदर डोळ्यांना लावला. मग अशोक, समुद्राकडे बघणारा. आणि मग पिवळ्याधमक झेंडूत मी. मुली ओरडल्या, "पप्पा!"

हात माझे होते. ढोलकी माझी नव्हती.

वाजवणाऱ्याला आपला हात कळतो. त्या ढोलकीची तिसरी मात्रा जागच्या जागी होती, डाव्या हाताची धूम गोल आणि मऊ. मी अंगणात जाऊन फोन लावला. नशिबाने लागला.

"मास्तर, ढोलकी कुणाची?"

"एकनाथची. माझा जुना विद्यार्थी."

"आणि माझी?"

"लय हलत होती रे. सुरेखाचं गाणं त्यावर बसत नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलंत? दहादा वाजवली असती!"

"नाम्या, ऐक..."

मी ऐकलं नाही. फोन कापला. माझी ढोलकी काढली याचा मला राग नव्हता. वाईट माल मीही परत करतो. पण ज्या माणसाने भर बाजारात, अनोळखी असताना, तोंडावर चूक सांगितली, त्याने या खेपेला "छान" म्हटलं. म्हणजे त्या खंजिरीवाल्या मेहुण्याच्या ओळीत मला बसवलं. मला नमस्कार केला.

अशोकचा सुरतेहून फोन आला. "अरे यार, तू भडकशील म्हणून नाही सांगितलं. आम्ही सगळ्यांनीच म्हटलं, राहू दे." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही तोडलं. मास्तरांची तीन पत्रं आली. ती मी फोडलीच नाहीत. जे सांगायचं ते तोंडाने सांगा, एवढंच मला हवं होतं. दोन वर्षं मी हे धरून बसलो.

मग सुरेखाने मस्कतहून कळवलं, मास्तरांच्या पोटात गाठ आहे आणि डॉक्टरांनी घरी नेऊन ठेवायला सांगितलंय. मी ढोलकी गाडीत टाकली आणि निघालो. हरसूलला त्या दिवशी आठवडेबाजार होता, गाडी गर्दीतून मुंगीच्या पावलाने काढावी लागली. मास्तर ओसरीत खाटेवर होते. एवढा उंच माणूस, पण खाट अर्धी रिकामी वाटत होती. वहिनींनी, मास्तरांच्या बायकोने, पेटी शेजारी स्टुलावर आणून ठेवली होती.

"आलास?" आवाज अगदी खोल गेलेला. "ढोलकी आणलीस?"

"गाडीत आहे."

"गाडीत कशाला? तिला हवा खायला आणली का? घेऊन ये. गाणं एकदा धरू."

"मास्तर, आधी एक सांगा. मला का नाही सांगितलंत?"

"सांगतो. आधी वाजवू."

"आधी सांगा, मग वाजवतो."

"आधी वाजव रे बाबा. मग सांगायला सोपं जाईल."

"नाही मास्तर. आधी सांगा."

त्यांनी डोळे मिटले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

बाजारात मी एक गोष्ट पुरती शिकलोय. सौदा अडला की उठायचं. मागे न बघता चालू लागायचं. दहा पावलांत मागून हाक येते. ज्याला खरंच घ्यायचं असतं तो मारतोच. तीस वर्षं ह्याच दहा पावलांवर मी पोट भरलंय. मी उठलो. बुटांच्या नाड्या सावकाश बांधल्या. अंगण सावकाश ओलांडलं. गाडीत बसलो, गाडी सुरू केली, थोडा वेळ तसाच थांबलो. हाक आली नाही. मग डोक्यात सणक गेली आणि मी निघालो.

त्र्यंबकच्या अलीकडेच राग उतरला होता. पण आपणच उठायचं आणि आपणच परत जाऊन बसायचं, हे मला आयुष्यात जमलेलं नाही. पुढच्या रविवारी येऊ, असं ठरवलं. गुरुवारी वहिनींचा फोन आला.

दहाव्याचे विधी उरकून सगळे घरी आल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मी काही विचारलं नव्हतं.

"तुम्ही उठलात ना भाऊ, तेव्हा ह्यांनी डोळे उघडले," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले, पाठीला उशी लाव, नाम्या ढोलकी आणायला गेलाय. गाडीचा आवाज आला तर म्हणाले, सावलीत लावत असेल, उन्हाने कातडं चढतं. मी बाहेर येऊन बघितलं तर तुम्ही नव्हता. आत जाऊन तसं सांगायला माझी जीभच उचलली नाही."

"मग?"

"मग काय. पेटीचा भाता उघडून बसले होते. दिवस मावळेपर्यंत उशी काढू दिली नाही."