शेवंताआक्काचे हात

"पाण्यात कुणी हात घातला होता?" मी खाली बसूनच विचारलं.

माझं नाक टँकच्या काचेला टेकलेलं होतं. आत निळा टँग मासा दगडाला अंग घासत होता, आणि त्याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढरे ठिपके होते. कुणी मीठ भुरभुरल्यासारखे. पिवळ्या टँगच्या परांवर थोडे, क्लाऊन माशांच्या जोडीवर चार-दोन. निळ्याचा श्वास जोरात चालला होता.

जागा होती कोल्हापुरातला लहान मुलांच्या दातांचा एक दवाखाना. वेटिंग रूममधला हा समुद्री टँक मीच बसवलेला. तीनशे लिटर पाणी, जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ, चार मासे, दोन कोळंब्या. कोल्हापूरला समुद्र नाही, पण हौसेला कुठं तोटा आहे? फिल्टरच्या पाण्यात खास मीठ कालवून आम्ही समुद्र तयार करतो. दर गुरुवारी मी जायचो. लांब पाईप घालून तळातली घाण ओढून घ्यायची, तेवढं नवं पाणी भरायचं, काचा पुसायच्या. तेवीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळं या गावात आपल्याला विचारल्याशिवाय समुद्री मासा मरत नाही अशी माझी समजूत होती.

माझा प्रश्न ऐकून डॉक्टर मॅडमनी शेवंताआक्काकडं बघितलं. आक्का तिथली जुनी बाई. झाडणं-पुसणं, पोरांना खुर्चीपर्यंत नेणं आणि सकाळी माशांना खाणं घालणं, सगळं तिच्याकडं. निळ्या टँगवर तिचा भारी जीव. तोही तिची पावलं ओळखून वर यायचा. रडणाऱ्या पोराला ती त्याच्यापुढं उभं करायची आणि पोर गप्प व्हायचं.

आक्का खोटं बोलणारी नव्हे. परवा एका पोरानं आत खेळण्यातली गाडी टाकली, ती मी काढली, म्हणाली. तेव्हा हाताला काय होतं, असं मी विचारलं. फरशी पुसत होते, फिनेल असेल, म्हणाली.

झालं. मला हवा होता तो माणूस मिळाला. मी उठून उभा राहिलो आणि भाषण ठोकलं. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तेच त्याचं चिलखत, फिनेलनं ते गेलं की रोग धरतो, कितीदा सांगितलंय की पाण्यात हात घालायचा नाही. बाकावर चार-पाच आया पोरांना घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. मॅडम म्हणाल्या, "आक्का, आजपासून टँकला हात लावायचा नाही." आक्का हात पदराखाली घेऊन आत गेली.

मी औषध आणायला खाली गाडीपाशी आलो. मागचं दार उघडलं आणि समोर माझी बादली दिसली. बादलीत गुंडाळलेला पाईप. तो बघताच मी तिथंच थांबलो.

हा रोग म्हणजे काय ते सांगतो. धंद्यात आम्ही त्याला 'इक' म्हणतो. पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीत घुसलेला एक जीव. काही दिवस तो माशाला खातो, मग गळून तळाला जातो आणि स्वतःभोवती कवच करतो. कवच फुटलं की एकाचे शेकडो होतात आणि नवा मासा शोधत पोहतात. फिनेलनं माशाचं वाटोळं होईल, पण फिनेलमधून हा जीव जन्माला येत नाही. तो दुसऱ्या खाऱ्या टँकमधूनच यावा लागतो. नव्या माशाबरोबर, नव्या दगडाबरोबर, नाहीतर तिकडच्या ओल्या वस्तूबरोबर. शिवाय परवा हात घातला म्हणून आज अंगभर ठिपके, असंही होत नाही.

या टँकमध्ये कित्येक महिन्यांत नवं काही घातलं नव्हतं. मात्र दोन आठवड्यांपूर्वी मी सकाळी कबनूरला एका यंत्रमागवाल्याकडं गेलो होतो. त्याच्या समुद्री टँकमधल्या नव्या माशांवर ठिपके होते, ते मी डोळ्यांनी बघितले होते. तिथून निघताना पाईप धुवून, वाळवून मग दुसरीकडं वापरायचा, हा नियम. त्या दिवशी उशीर झाला होता. पाईप तसाच ओला बादलीत कोंबला आणि तासाभरानं याच टँकमध्ये सोडला. पुढच्या गुरुवारी पाहुण्यांचं लग्न म्हणून खाडा केला. रोगाला पंधरा दिवस मोकळं रान.

आयला, हे सगळं मला गाडीपाशी उभं राहून दोन मिनिटांत कळलं. वर जायला एक जिना होता. वर जाऊन सांगता आलं असतं. मी औषधाची बाटली घेतली, वर गेलो आणि कामाला लागलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्यातला चोर मी.

इकवर तांब्याचं औषध चालतं. पण ते मुख्य टँकमध्ये घालता येत नाही. कोरल आणि कोळंब्या त्यानं मरतात, दगड ते शोषून घेतात. म्हणून मासे बाहेर काढायचे. मागच्या खोलीत मी साधा काचेचा टँक लावला. वाळू नाही, दगड नाही, लपायला प्लास्टिक पाईपचे तुकडे. त्यात तांबं हळूहळू वाढवायचं, रोज टेस्ट किटनं मोजायचं. कमी पडलं तर जीव मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. असा महिना काढायचा. आणि मोठा टँक माशांशिवाय अडीच महिने तसाच चालू ठेवायचा. खायला मासा मिळाला नाही की तळातून निघालेली पिल्लं उपाशी मरतात. घाई केली की सगळं पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी निळा टँग गेला. कल्ल्यांत रोग भरला होता, औषध पोचायला वेळच नव्हता. आक्का दारातूनच बघत होती, आत आली नाही. "माझ्या हातानं मेला," एवढंच म्हणाली. मी ऐकलं आणि तांबं मोजत बसलो.

त्यानंतर मी जायचो तेव्हा एक नवंच सुरू झालं. आक्का माझ्यासमोर दोन्ही हात पुढं करायची. "भाऊ, वास घ्या की. अजून येतोय काय?" साबणानं घासून घासून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. मी वाकून वास घ्यायचो आणि सांगायचो, आता नाही. हे लिहितानाही कानशिलं तापतात. तुमच्या हातानं काही झालंच नव्हतं, हे एक वाक्य माझ्या तोंडातून निघत नव्हतं. काय होतं आडवं? दवाखान्याचं काम जाईल, गावात नाव जाईल, कबनूरवाल्यालाही कळेल. एवढंच. फार मोठं काही नव्हतं.

दहाव्या आठवड्यात मी गेलो. उरलेले तीन मासे ठणठणीत होते. आक्का चहा ठेवत होती. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, नातू झाला होता, हे मला माहीत होतं. बोलायचं म्हणून विचारलं, आक्का, नातवाला आंघोळ घालून घालून कंबर मोडली असेल की? आमच्याकडं पहिल्या बाळंतपणात ते काम आजीचं. पाय पसरून त्यावर बाळाला पालथं घ्यायचं, तेल चोळायचं, कढत पाणी घालायचं. आजी ते दुसऱ्या कुणाला देत नाही.

"मी न्हाय घालत," आक्का म्हणाली. "शेजारची हौसा येती."

मी विचारलं, का?

"तुम्हीच सांगितलासा न्हवं? माशाला खवलं असून सोसलं न्हाई. त्याची कातडी तर लोण्यागत हाय." चहा गाळत गाळत, अगदी साध्या आवाजात. "घेतच न्हाय मी त्याला. लांबनं बघती."

माझ्या हातातली टेस्टची बाटली मी खाली ठेवली. तिला म्हटलं, आक्का, चला माझ्याबरोबर. वेटिंग रूममध्ये आलो. बाकावर माणसं होती. असू देत म्हटलं, त्या दिवशीही होती. मॅडमचं दार वाजवलं. त्या ग्लोव्ह्ज घालूनच बाहेर आल्या.

"मॅडम, आक्कांच्या हातानं काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "रोग मी आणला. कबनूरच्या आजारी टँकमधला ओला पाईप मी न धुता इथं घातला."

"हे तुम्हाला कळलं कधी?"

"त्याच दिवशी. खाली गाडीपाशी."

मॅडमनी ग्लोव्ह्ज काढले. आक्का माझ्याकडं बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं, मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. तिनं फक्त विचारलं, "म्हंजे मी हात पुढं करत हुते, तवा तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग मॅडमकडं वळून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. लेक परवा सकाळी सासरी निघणार होती. मॅडमनी जा म्हटलं. आक्कानं चप्पल घातली आणि गेली. चहा तसाच राहिला.

पुढचं थोडक्यात. आठवड्याभरानं अडीच महिने पुरे झाले, मासे मोठ्या टँकमध्ये सोडले, एकावरही ठिपका आला नाही. माझं काम, काम म्हणून, बरोबर झालं होतं. महिनाभर बघून मॅडमनी माझं काम बंद केलं. तुमच्या हातात कला आहे, पण दवाखान्यात अशी माणसं ठेवता येत नाहीत, म्हणाल्या. पटलं. कबनूरवाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो हसला आणि काम चालू ठेवलं. त्याचं हसणं मला जास्त लागलं.

आता माझ्याकडं प्रत्येक गिऱ्हाइकाचा पाईप, जाळी, बादली वेगळी आहे. त्यांच्या घरीच ठेवतो, वर नाव लिहून. कुठं मासा आजारी पडला की पहिली चौकशी माझ्या हत्यारांची. नवी पोरं धंद्यात येतात, विचारायला येतात, त्यांनाही हेच सांगतो. एवढा धडा सोपा होता, पुस्तकात पहिल्या पानावर असतो.

आक्काला नातवाच्या दोन आंघोळी मिळाल्या. एक दुसऱ्या दिवशी, एक निघायच्या दिवशी सकाळी. बाकीच्या सगळ्या मी खाल्ल्या.