तीन हिश्शांचा पासवर्ड

चोराने न्यावं असं घरात काहीही नसताना एवढी कुलुपं बाळगणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. हे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, राहणार उंद्री. आम्ही सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणतो. भाऊंच्या विहिरीवर मोटारच्या स्टार्टरला दोन कुलुपं, सायकलला साखळी आणि कुलूप, आणि दळणाच्या डब्यालासुद्धा एक पितळी कुलूप. वर पुन्हा चोराला चकवायचं म्हणून डब्यांवर खोटी नावं लिहिलेली. लाडवांच्या डब्यावर ‘खिळे’ आणि खिळ्यांच्या डब्यावर ‘लाडू’. घरातल्या यच्चयावत माणसांना हे पाठ असल्यामुळे लाडू दोन दिवसांत संपत आणि खिळे तेवढे सुरक्षित राहत. किल्ली कुठे ठेवली ते विसरायला नको, म्हणून भेटेल त्याला ते ती जागा सांगून ठेवत. एकदा चिखलीच्या स्टँडवर त्यांनी एका अनोळखी म्हाताऱ्याला कपाटाच्या किल्लीचा पत्ता दिला. मी म्हटलं, "अहो भाऊ, हे काय?" तर म्हणाले, "मी इसरलो तं कोनाले इचारू मंग?"

अशा माणसाने घरात कम्प्युटर घेतला. मी देऊळगाव राजाच्या एका शाळेत कारकून, पगारबिलं कम्प्युटरवर करतो, एवढ्या भांडवलावर सासरवाडीने मला त्यातला तज्ज्ञ ठरवून टाकलं. भाऊंनी एका स्टुडिओवाल्याचा कॅमेरा आणून माझ्या सासऱ्यांचे चार व्हिडिओ काढले होते. बैलाची वेसण कशी वळायची, तिफण कशी बांधायची, असलं सगळं. मधूनमधून सासरे कॅमेऱ्यामागच्या भाऊंवर खेकसतात, तेही त्यात आलेलं. ते चारही व्हिडिओ भाऊंनी ‘फवारणी पंपाची दुरुस्ती’ या नावाने ठेवले आणि मला निरोप धाडला, की पासवर्ड घालायचा आहे, ताबडतोब निघा.

मी सपत्नीक पोचलो तर सोनाळ्याहून धाकटे मेहुणेही येऊन बसलेले. घरात त्यांना लहान्या म्हणतात. ते सासुरवाडीची शेती पाहायला सोनाळ्याला गेले ते तिकडेच राहिले. भाऊंनी मला बाजूला घेऊन समजावलं, "जवाईबुवा, बापाची चीज हाये. मी एकट्यानं कुलूप लावलं तं उद्या लहान्या म्हनंन, मोठ्यानं बाप दाबला. तवा पासवर्डाचीबी वाटनी कराची. तिघाईचे तीन हिस्से. ज्याचा त्यानं टाकाचा, दुसऱ्यानं पाहाचा नाही." म्हणजे आधी भाऊंनी बसून आपली अक्षरं टाकायची, मग माझ्या बायकोने पुढे तिची, शेवटी लहान्याने, आणि तोवर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. कम्प्युटर पासवर्ड दोनदा विचारतो, त्यामुळे ही सगळी मिरवणूक दोनदा निघाली. ज्यांचे व्हिडिओ ते सासरे खाटेवर बसून हे पाहत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "हे काय करून राह्यले हो?" मी म्हटलं, "मामा, मलाही नीट समजलं नाही."

पुढच्या उन्हाळ्यात लहान्याच्या मुलीचं लग्न झालं आणि पत्रिकेत निमंत्रकांमध्ये भाऊंचं नाव तिसऱ्या नंबरावर छापून आलं. वर दोन नावं लहान्याच्या सासरच्यांची. भाऊ लग्नाला गेले, अक्षता टाकल्या आणि जेवण न करता परत आले. तिथून बोलणं बंद. पावसाळ्यात सासरे वारले. दोघं भाऊ तेरा दिवस एकाच घरात राहिले, पण एकमेकांशी बोलले ते पुरोहितामार्फत.

सासरे होते तोवर ते व्हिडिओ पाहायची गरज कोणाला पडली नव्हती. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी भाऊंना बापाची आठवण अनावर झाली. भावकीला दाखवू म्हणून सांगूनही बसले. पण उघडणार कसं? बहिणीने आपला हिस्सा फोनवरच सांगून टाकला. "जमिनीवर हक्कसोड लिहून दिली, आता ह्याच्यावरबी घे," म्हणाली. उरला लहान्या. भाऊ मला म्हणाले, "तुमी इचारा त्याले. मी इचारलं असं सांगू नका." मी सोनाळ्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "भाऊले म्हना, तू सोता इचार." झालं. मी मध्ये उगाच वाईट झालो.

मग आठ दिवस भाऊंनी अंदाज लावले. मी रजा काढून शेजारी बसलेलो. लहान्याच्या मुलीचं नाव टाकलं, मुलाचं टाकलं, बायकोचं टाकलं. लहानपणी त्याने पाळलेल्या गोऱ्ह्याचं नाव टाकलं. शाळेतला हजेरी नंबर टाकला. देऊळगावच्या बालाजीचं नाव तर चार तऱ्हांनी लिहून झालं. प्रत्येक वेळी कम्प्युटर नाही म्हणायचा आणि भाऊ माझ्याकडे पाहायचे. "हेबी नाही? मंग ह्या मानसाले आवडते तरी काय?" पाचव्या दिवशी ते म्हणाले, "जवाईबुवा, याच अंगनात दोघं मोठे झालो. मले त्याचं काहीच मालूम नाही." मला फार वाईट वाटलं. मी भीत भीत म्हटलं, तुमचंच नाव टाकून पाहू का? त्यांनी की-बोर्ड माझ्यापासून लांब ओढला. "ते तो कायले टाकंन," म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

श्राद्धाच्या दिवशी लहान्या सकाळच्या गाडीने आला. भावकी ओसरीवर जमलेली, आणि बारा वाजता लाइट जाणार हे ठरलेलं. भाऊंनी दोन वेळा धोतर झटकलं, दोन वेळा दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या वेळी गेले आणि वर्षभरात पहिल्यांदा धाकट्या भावाशी बोलले.

"लहान्या, तुहा हिस्सा काय होता बे?"

"काहीच नाही, भाऊ. मी काहीच दाबलं नोतं. नुसता बसलो अन् उठलो. दोन्ही बार."

"काऊन?"

"बाबा समोर खाटेवर बसेल होते. त्याईची वाटनी कशी करू मी?"

भाऊंना काही उमगेना. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कम्प्युटरकडे. "अबे, मंग तवाच सांगाचं होतं ना," ते म्हणाले.

"कोनाले सांगू? तू पाठ फिरून उभा होता."

लहान्याच्या दंडाला धरून भाऊंनी त्याला आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि एका बोटाने आपली आणि बहिणीची अक्षरं टाकली. ‘फवारणी पंपाची दुरुस्ती’ उघडली आणि पडद्यावर सासरे हलायला लागले. मी भावकीला बोलवायला बाहेर आलो, तर भाऊंनी माझ्या पाठोपाठ येऊन आतून दाराला कडी घातली. भावकी माझ्याकडे पाहायला लागली. मी सांगितलं, थोडा वेळ बसा. आतून सासऱ्यांचा आवाज येत होता, अशी नाही, अशी धर वेसण, म्हणून. मध्येच दोघं एकदम हसले. मग बराच वेळ नुसता म्हाताऱ्याचाच आवाज येत राहिला.