सुनंदाताईची गियरची सायकल

दोन तासांचं काम होतं. मी आठ महिने लावले, आणि तोवर ताई गेली.

आज महिना झाला.

सुनंदाताई माझी चुलत बहीण. काटोलकडच्या गावांमध्ये नर्स होती. सगळी नोकरी तिकडेच काढली, आणि रिटायर झाल्यावर नागपुरात लेकीकडे राहायला आली.

नव्वदच्या दशकात तिनं एक निळी सायकल घेतली होती. जाड टायरची, गियरची, माउंटन बाइक. संत्र्याच्या बागांमधल्या रस्त्यांवर साधी सायकल टिकायची नाही, म्हणून.

मागे लसींचा डबा बांधायची आणि निघायची. लोक हसायचे, "नर्सबाईनं पोराची सायकल आणली." पंजाबी ड्रेस घालते म्हणून सासूबाईंनी चार महिने अबोला धरला.

ताईनं सायकल सोडली नाही. नाल्याला पाणी असलं की सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जायची.

गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. सुरुवातीच्या केमोनंतर जरा बरं वाटलं, तेव्हा तिचा फोन आला.

"तू जुन्या सायकली चांगल्या करून देतं म्हणे. माही पण करून दे गा."

"आता काय करतेस सायकलचं?"

"काटोल रोडनं फेटरी गावापर्यंत जाऊन येईन म्हणते एकदा."

मी त्याच रविवारी सायकल घरी आणली आणि पूर्ण उघडली. बुटीबोरीला कारखान्यात मेंटेनन्समध्ये आहे मी, हात स्वस्थ बसत नाहीत.

मागच्या चाकावरच्या गियरचे, म्हणजे फ्रीव्हीलचे, दात झिजून टोकदार झाले होते. चेन ताणलेली. ब्रेकचे रबर दगडासारखे. बेअरिंगच्या छर्‍यांना खड्डे.

झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली की जोर लावताच घसरते. म्हणून फ्रीव्हील आणि चेन सोबतच बदलावी लागते. दोन्ही गांधीबागेच्या बाजारात मिळत होतं, अगदी साधं.

मला साधं नको होतं. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, त्याच काळातलं पाहिजे होतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, मी इथंच, आपल्या ग्रुपवर, फोटो टाकत होतो. परातीत मांडलेले पार्ट. डिझेलमध्ये धुतलेली चाकाची हब. तुम्ही लिहायचे, "क्या बात है", "ओरिजिनलच ठेव भाऊ."

मला छान वाटायचं. तुमचा काही दोष नाही.

ताई दर पंधरा दिवसांनी फोन करायची.

"झाली का गा?"

"एक पार्ट यायचा आहे, ताई."

"कोणताही लावून दे न. मले चालवाची आहे ते, प्रदर्शनात नाही ठेवाची."

"अगं, तीस वर्षांची सायकल आहे. करायची तर नीट करू."

एकदा ती लेकीला, पल्लवीला, घेऊन ऑटोनं घरी आली. पोर्चमध्ये नुसती फ्रेम हुकाला टांगलेली होती. ताईनं तिच्यावरून हात फिरवला.

"लयच उघडली तू हिले."

मी तिला अर्धा तास समजावत बसलो, ओरिजिनल पार्टचं महत्त्व. तिनं सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि गेली.

दिवाळीच्या आधी पुण्याच्या एका माणसाकडून फ्रीव्हील आलं. तेच. तेच मॉडेल.

हातात घेऊन फिरवलं, उजेडात पाहिलं. एका चकतीचे दोन दात किंचित झिजलेले होते.

मी ते परत पाठवलं.

रोज आठवतं हे मला.

कारण तेच दिवस तिचे चांगले होते. स्वतः पायी भाजी आणायला जायची. डॉक्टर म्हणाले होते, थोडी सायकल चालवली तर हरकत नाही.

ते दोन दात चालले असते. फेटरी काय, काटोलपर्यंत चालले असते.

संक्रांतीनंतर तिच्या पायांना सूज आली. मग उठणं-बसणंही कोणाचा तरी हात धरून.

मी भेटायला जायचो. गावाकडच्या गोष्टी निघायच्या, नातेवाइकांच्या निघायच्या. सायकलचा विषय तिनं परत काढला नाही.

मला वाटलं, विसरली.

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

उन्हं तापायला लागली आणि ताई गेली.

तेरवीनंतरच्या शनिवारी मी गांधीबागेत गेलो. समोर जे दिसलं ते घेतलं. फ्रीव्हील, चेन, ब्रेकचे रबर, छर्रे. दुकानदारानं विचारलं, "कोणत्या कंपनीचं देऊ?" म्हटलं, "कोणतंही द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बसलो. बाराला सायकल रस्त्यावर होती. सगळे गियर पडत होते, चेन कुठंच घसरत नव्हती.

संध्याकाळी ती पल्लवीकडे नेली.

तिनं गल्लीत एक चक्कर मारली. उतरली. "मस्त झाली, मामा."

मी म्हटलं, "आधीच द्यायला पाहिजे होती मी."

ती बराच वेळ ब्रेक दाबत-सोडत राहिली. मग म्हणाली, "आई सांगे मले. मामाले सायकलचं विचारू नको म्हणे आता. त्याच्यानं होऊन नाही राहिली, त्याले उगाच वाईट वाटन."

ती सायकल आत घेऊन गेली, मी गेटपाशीच उभा राहिलो.

ताई, होत होती वं माह्यानं.

मीच नाही केली.

माफ कर. तुले शेवटचा नमस्कार.