दसऱ्याला काढायची ओळ

जनी घरत ही पनवेलची शेवटची धवलारीण, असं मी म्हणणार नाही. कोणालाही शेवटचं ठरवून टाकायची लोकांना फार घाई असते. पण माझ्या माहितीतली ती एकटीच. आगरी लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत एकेक विधी गाण्यातून पार पाडणारी बाई ती धवलारीण. भटजी मंत्र म्हणतो, ही धवले म्हणते. जनी माझ्या मागच्या आळीत राहते. मी शाळेत भूगोल शिकवत होते म्हणून मला 'बाई' म्हणते, आणि माझं ऐकत काही नाही.

धवला दोघींनी म्हणायचा. एकीने ओळ सोडायची, दुसरीने उचलायची, तेवढ्यात पहिलीने दम घ्यायचा. जनीची जोडीदारीण सुमती वारली आणि तेव्हापासून तिला एकच घोर लागला, की भाची किशोरीला जोडीला तयार करायचं. किशोरीचा गळा चांगला, पण मुलगी व्यवहारी. "मावशी, बोलावणी येत असतील तर शिकते," ती म्हणाली. "नाहीतर घरात बसून कोणाची लग्नं लावू?"

बोलावणी कमी झाली होती हे खरं. जमिनी गेल्या, माणसं खारघर-उलव्याच्या इमारतींत पांगली. धवलारीण कुठे मिळेल हे जनीच्या ओळखीच्या म्हाताऱ्यांना विचारायचं सोडून त्यांची नातवंडं फोनला विचारू लागली. म्हणून जनीची नात मनस्वी हिने आजीची वेबसाईट करायला घेतली. ती नवीन पनवेलात हेच काम करते.

"आजी, वेबसाईटच्या पोटात काही ओळी असतात," ती समजावत होती. "माणसांना दिसत नाहीत, गुगल वाचतो. मेटा टॅग म्हणतात. आपण कोण, काय करतो, कुठे राहतो, ते तिथे नीट लिहिलं की शोधणाऱ्याला आपण सापडतो."

"म्हंजे देवाच्या कानात सांगतात तसं," जनी म्हणाली.

"तसंच समज."

"मंग लिव. पनवेल, उरण, करंजा. हळद, मांडव. आनि 'गायिका' नको लिवू, मी काय ऑर्केस्ट्रात हाय?"

गणपतीतच सगळं तयार झालं. पण जनी अडून बसली: दसऱ्याला पूजा झाल्याशिवाय माझं नाव चारचौघांत लावायचं नाय. मनस्वीने वाद घातला नाही. अशा वेळी घालायची एक ओळ असते, तीही मेटा टॅगच, 'या पानाची नोंद घेऊ नका' असं शोधयंत्राला सांगणारी. ती तिने घातली. दसऱ्याला काढायची.

दसऱ्याला लॅपटॉपला झेंडू वाहिला, कुंकू लावलं, नारळ फोडला. मनस्वीने सगळ्यांना लिंक पाठवली, सगळ्यांनी उघडून पाहिली, जनीचा फोटो बघून किशोरीने "मावशी, हिरोईन" म्हणून चिडवलं. पेढे झाले. ओळ काढायची राहिली. आणि लिंकवरून पान उघडत होतं, म्हणून शंका तरी कोणाला येणार?

तुळशीचं लग्न झालं, हंगाम सुरू झाला. फोन आला नाही. माघ गेला, वैशाख गेला. जनी फोन उशाशी घेऊन दुपारची पडायची. मी म्हटलं, "अगं, वेळ लागतो." ती म्हणाली, "बाई, वेल नाय लागत. लोकांना नको हाय, त्यांना डीजे हाय."

वैशाखानंतर किशोरी विमानतळावर माल हाताळणाऱ्या कंपनीत लागली. तिला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. तिने सांगितलं होतं तेच केलं. वेबसाईटच्या भरवशावर ती शिकायला बसली होती, आणि तोवर अर्धे धवले तिला पाठ झाले होते.

श्रावणात मनस्वी दुसऱ्या कोणाची वेबसाईट तपासताना चपापली. घरी येऊन जनीची उघडून पाहिली. ओळ तिथेच. तिने काढली, आणि आजीसमोर बसून रडली. जनी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पूजा तर नीट झालती गो." एवढंच.

भाद्रपदात फोन आला. मी तिथेच होते. करंज्याचा माणूस, मुलाचं लग्न, घरच्या म्हातारीला धवलारीणच हवी होती. गुगलवर सापडलात म्हणाला. मनस्वीने दुसऱ्या फोनवरून किशोरीला विचारलं. किशोरी म्हणाली, शिफ्ट बदलून मिळत नाही, आणि आता सूरही राहिला नाही.

"जोडीला कोन नाय माझ्या," जनीने त्या माणसाला सांगितलं.

"एकट्याच म्हणा की, मावशी."

"एकटीनं म्हनलं तं दम घ्यायला मधेच गप बसावं लागतं. लग्नात गप बसलेलं चालत नाय."

त्याने आणखी थोडा आग्रह केला. जनीने ऐकलं नाही. फोन ठेवण्याआधी मात्र नवरा-नवरीची नावं विचारली. धवल्यात ती गुंफावी लागतात, तोंडाला सवय. त्याने सांगितली. जनीने ती एकदा हळूच म्हणून पाहिली.

"चांगली बसतात," ती म्हणाली, आणि फोन मनस्वीच्या हातात दिला.