आपला मेलेला आपण सांगायचा

ज्ञानदेव ओव्हाळला कशावरूनही छेडा, ऐकून घेईल. मतदारयादीवरून मात्र छेडू नका. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आकुर्डीच्या मागच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहणारा, कंपनीतून निवृत्त झालेला, आणि कपाटात कपड्यांपेक्षा याद्याच जास्त. प्रत्येक यादीत लाल पेन्सिलीच्या रेघा, त्याही पट्टी लावून मारलेल्या. सून मिनल एकदा नुसतं म्हणाली, 'बाबा, रद्दीवाला आलाय.' तर हा गडी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

कंपनीत तो तपासणी खात्यात होता. गिअर घ्यायचा, गेज लावायचं, माप बरोबर असेल तरच ओकेचा शिक्का मारायचा. महिनाअखेरीला माल पाठवायची घाई व्हायची. साहेब डोक्यावर उभा राहून म्हणायचा, 'ओव्हाळ, मार की शिक्का, सगळे सारखेच आहेत.' ओव्हाळ म्हणायचा, 'सारखेच आहेत तर मोजायला काय जातंय?' तेहेतीस वर्षांत गेज न लावता त्यानं एक शिक्का मारला नाही, आणि याचा त्याला गर्व होता. का नसावा?

राजकारणातही त्याचं वळण असंच जुनं. तरुणपणी ज्या पक्षाचा झाला त्याच पक्षाचा राहिला. उमेदवारानं दारात यावं, हात जोडावेत, आपण काय केलं ते सांगावं आणि पुढच्या दाराला जावं. समोरच्याच्या बायकापोरांवर घसरू नये. कुकर वाटू नयेत, आणि वाटलेच तर लोकांनी घेऊ नयेत. प्रचाराची वेळ संपली की भोंगा बंद. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एका माणसाचं नाव एकाच यादीत, जिथं चूल तिथं नाव. मावळातलं गाव सोडून तो इथं आला तेव्हा आधी गावच्या यादीतून नाव काढून घेतलं आणि मगच इथं घातलं. आई भिमाबाई रडली होती. 'नाव काढलंस म्हंजी गाव तोडलंस व्हय रं,' म्हणाली. त्यानं आईचं ऐकलं नाही. नियम म्हणजे नियम.

सात निवडणुका तो पक्षाचा प्रतिनिधी म्हणून शाळेच्या त्याच खोलीत बसला. मतदार आत आला की अधिकारी नाव मोठ्यानं वाचतो, आणि दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी आपापल्या यादीत खूण करतात. बोगस कोणी आला तर तिथंच हरकत घ्यायची. समोरच्या पक्षाच्या खुर्चीवर सातही वेळा एकच माणूस होता, युनूस मुलाणी. कोपऱ्यावर दुचाकीचं गॅरेज असलेला, तीन वर्षांनी धाकटा, जिभेनं तिखट. पहिल्या निवडणुकीत दोघं दिवसभर भांडले. दुसऱ्या निवडणुकीत दुपारी एकच डबा उघडला. पुढं एकदा युनूसचा उमेदवार निवडून आला, तेव्हा गुलाल धुऊन तो आधी ज्ञानदेवच्या घरी चहाला आला. तेव्हापासून जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याच्या दारी जायचं, अशी चालच पडून गेली.

या दोघांचा आणखी एक नियम होता, कुठल्याही कायद्यात नसलेला. यादीत मेलेली माणसं असतातच, आणि मेलेल्याच्या नावावर कोणीतरी मत टाकून जातं. म्हणून मतदान सुरू व्हायच्या आधी दोघांनी याद्या उघडायच्या आणि आपापल्या बाजूची गेलेली माणसं सांगून टाकायची. आपला मेलेला आपण आधी सांगायचा, समोरच्याला शोधायला लावायचं नाही. भिमाबाई गेली तेव्हा ज्ञानदेवनं तिचं नाव सांगितलं आणि युनूसनं रेघ मारली. मग एका निवडणुकीच्या नऊ दिवस आधी युनूसची बायको गेली. घरात अजून पाहुणे होते, तरी हा माणूस सकाळी सहाला खुर्चीवर हजर. यादी उघडली आणि म्हणाला, 'नजमुन्निसा युनूस मुलाणी. रेघ मार.' ज्ञानदेव पट्टी न लावताच रेघ मारायला गेला. युनूस खालच्या आवाजात म्हणाला, 'पट्टी लाव. वाकडी जातेय.' अशी माणसं होती हो ही. आता कुणाला सांगून खरं वाटत नाही.

यंदाची निवडणूक लागली आणि एके दिवशी युनूसनं ज्ञानदेवला गॅरेजमध्ये बोलावलं. शटर अर्धं ओढून एक कागद पुढं केला. त्यावर तेवीस नावं होती. कुरुळीला कंपनीत कामाला असलेले, तिथंच खोल्या करून राहणारे कामगार, पण नावं इथल्या एका पत्र्याच्या शेडच्या पत्त्यावर.

'हे आमच्या लोकांनी घातलेत,' युनूस म्हणाला. 'मतदानाच्या दिवशी गाडीत घालून आणणार. मी बोललो पक्षात. मला म्हणाले, चाचा, तुम्ही पंक्चर काढा.'

'मग?'

'मग काय. तू हरकत घे. खरी हरकत आहे. मी घेतली तर घरात दगड येतील.'

ज्ञानदेवला भरून आलं. त्यानं चार दिवस घालवले, पीएमपीच्या बसनं कुरुळीला दोन खेपा मारल्या, तेवीसच्या तेवीस माणसं कुठं राहतात ते डोळ्यांनी पाहिलं. अर्ज हातानं लिहिले. मोजून, माप घेऊन. मग ते घेऊन पक्षाच्या कार्यालयात गेला.

तिथं निरंजन बसला होता. हा निरंजन पक्षानं नेमलेला, एसीच्या खोलीत बसून तीन लॅपटॉपवर सगळा वॉर्ड चालवणारा. बोलायला लोण्यासारखा. त्यानं अर्ज पाहिले, खुर्चीवरून उठून पाया पडला आणि म्हणाला, 'काका, असं काम आता कोण करतं? तुमच्या सहीवर या वॉर्डात कोणी प्रश्न विचारत नाही.' मग चहा आला. चहाबरोबर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आला. 'अर्ज खराब होतात, परत नेतात, पुन्हा तुम्हाला कुठं हेलपाटे? थोड्या जादा सह्या करून ठेवा.'

आणि फुगला म्हातारा. गेज न लावता शिक्का न मारणारा हा माणूस, त्यानं चष्मा पुसला, खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. किती ते मोजलंही नाही. पक्ष आपला, कार्यालय आपलं, शिस्त आहे, वरून सांगितलंय, मग शंका कशाला. घरी येताना तो खुशीत होता, कोपऱ्यावरून केळी घेऊन आला. मला आजही त्या केळ्यांचा राग येतो.

महिन्याभरानं अंतिम यादी लागली. यादी आधी कोण वाचणार? युनूसच वाचणार. संध्याकाळी तो ज्ञानदेवच्या दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. हातात एक झेरॉक्स होती.

'सही तुझी आहे?'

नाव वगळण्याचा अर्ज होता. युनूस इब्राहिम मुलाणी, कारण मयत. खाली ज्ञानदेव ओव्हाळची सही, ठसठशीत, शेवटच्या अक्षराखाली त्याची नेहमीची आडवी रेघ.

'माझीच आहे,' ज्ञानदेव म्हणाला.

युनूसनं मान हलवली. झेरॉक्सची घडी करून खिशात घातली आणि जिना उतरून गेला. भांडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो आधी तनुजाकडे गेला. तनुजा अंगणवाडी चालवायची आणि यादीचं कामही तिच्याच गळ्यात मारलेलं. नाव काढण्याआधी घरी जाऊन खात्री करायची, हे तिचं काम. बिचारी रडकुंडीला आली. 'काका, एका आठवड्यात चारशे अर्ज. पोरांचा खाऊ बघू का घरं बघू? बाकीच्यांची घरं पाहिली मी. तुमची सही दिसली की बघायला गेले नाही. म्हटलं, ओव्हाळकाकांनी पाहिलंय म्हणजे पाहिलंय.'

'त्याला नोटीस तरी द्यायची.'

'मयताला नोटीस कुठं देतात, काका?'

त्यानं वगळलेल्या नावांची यादी मागून घेतली आणि मोजली. त्याच्या सहीनं एकंदर अठ्ठ्याण्णव नावं गेली होती. तेवीस खरी. पंचाहत्तर पलीकडच्या गल्ल्यांतली, जिथली मतं ज्ञानदेवच्या पक्षाला कधीच पडत नाहीत अशा घरांतली. जन्मभर ज्या गोष्टीसाठी तो भांडला, ती यादी साफ करण्याची गोष्ट, तिच्याच नावानं हे झालं.

तो निवडणूक कार्यालयात गेला. कोऱ्या कागदांवर सह्या केल्या, चूक माझी, नावं परत घाला, असं लिहून दिलं. कारकुनानं पोच दिली आणि सांगितलं, यादी अंतिम झालीय, आता काही होत नाही. मुलाणींनी नवीन मतदार म्हणून अर्ज भरावा, पुढच्या निवडणुकीला नाव येईल. पासष्ट वर्षांचा माणूस, नवीन मतदार. तिथून तो निरंजनकडे गेला. निरंजनचा आवाज आता लोण्यासारखा नव्हता. 'काका, खोटा अर्ज तुमच्या सहीचा आहे. बोलाल तर केस तुमच्यावर होईल, आमच्यावर नाही. आणि ते काय साधू आहेत? तेवीस त्यांनी घातलेच होते ना?'

'ते युनूसनंच मला सांगितले होते.'

'मग चांगलं झालं की,' निरंजन म्हणाला आणि फोन उचलला.

मतदानाला चार दिवस होते. ज्ञानदेव दोनदा गॅरेजपर्यंत जाऊन आला. युनूस चाक खोलत बसलेला दिसला आणि हा तसाच मागं फिरला. जाऊन म्हणायचं काय? चुकून झालं? तू मेलास असं मी चुकून लिहून दिलं? प्रतिनिधीचा पास घरी आला तेव्हा तो फाडून टाकावा असं त्याला वाटलं. मग वाटलं, युनूस मत द्यायला आला तर खोलीत आपण असलं पाहिजे. सगळ्यांदेखत सांगता येईल, हा माणूस जिवंत आहे, मी ओळखतो. तेवढं तरी करता येईल. तेवढ्याच आशेवर तो सकाळी साडेपाचला शाळेत जाऊन बसला. मिनलनं डबा दिला होता, नेहमीसारखा दोघांचा.

युनूसचं नावच यादीत नाही, म्हणून समोरच्या खुर्चीवर कोणी अनोळखी माणूस होता, रोजावर आणलेला. त्यानं यादी उघडलीसुद्धा नाही. ज्ञानदेवनं आपल्या सवयीनं विचारलं, 'तुमच्यातले गेलेले कोण, सांगता का?' तो माणूस म्हणाला, 'कुठं गेलेले?'

आठ वाजले, दहा वाजले, युनूस आला नाही. बाहेर दोन्ही पक्षांची माणसं एकमेकांना आयमायवरून बोलत होती. प्रचार संपून दोन दिवस झाले होते, तरी गल्लीत कुठंतरी गाणं वाजत होतं. दार उघडलं की ज्ञानदेव मान वर करायचा आणि दुसराच कोणी पाहून परत खाली घालायचा. दुपारी गर्दी ओसरली, तशी युनूसची सून यास्मिन आत आली.

'आठशे बारा,' अधिकाऱ्यानं वाचलं. 'यास्मिन नदीम मुलाणी.'

ज्ञानदेवनं खूण केली. यास्मिननं बोटाला शाई लावून घेतली. मशीनकडे जायच्या आधी ती वळली आणि त्याच्या टेबलासमोर उभी राहिली. लहानपणापासून पाहिलेली नव्हे, पण लग्न होऊन आल्यापासून दर ईदला याच्या घरी शीरखुर्मा घेऊन येणारी मुलगी.

'काका, आमच्या घरातला एक सांगायचा राहिलाय,' ती म्हणाली. आवाज तिचा होता, शब्द पाठ केलेले होते. 'अब्बांनी निरोप दिलाय. आपला मेलेला आपण आधी सांगायचा. युनूस इब्राहिम मुलाणी. रेघ मारून घ्या.'

अधिकारी जरा ओशाळला. 'वारले का हो? कधी?'

'गॅरेजमध्ये आहेत,' यास्मिन म्हणाली आणि पडद्याआड गेली. मशीनचा आवाज झाला. ती दुसऱ्या दारानं निघून गेली.

सकाळपासून तोंडाशी धरून ठेवलेलं वाक्य, हा माणूस जिवंत आहे, मी ओळखतो, त्यात ज्ञानदेवला आता अर्थ दिसेना. बोलणार कुणासाठी, माणूस समोर नव्हता. त्यानं लाल पेन्सिल घेतली, पट्टी घेतली, पान सरळ केलं. आठशे दहा, दुसऱ्या घरची कोणी तानुबाई. आठशे अकरा, नदीम युनूस मुलाणी. आठशे बारा, यास्मिन. वरचे खालचे आकडे सरकवून नीट जुळवलेले होते. रेघ मारायला तिथं नावच नव्हतं.

'आठशे तेरा,' अधिकाऱ्यानं वाचलं. पट्टी धरलेला हात तसाच राहिला आणि ज्ञानदेव ओव्हाळची एक खूण चुकली.